‘काही होत नाही, पुढे जा’

मंडळी, गणपतीच्या तिकिटांचं पान उघडताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ‘हे कनेक्शन खासगी नाही’ अशी पाटी दिसली. लगेच आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ला आला, ‘अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा, काही होत नाही.’ मी तिकीटविक्री दोन दिवस बंद ठेवायला लावली. कार्यकारिणीत त्याबद्दल कोणी माझी पाठ थोपटली नाही.

पाटीचं कारण साधं होतं, सर्टिफिकेटची मुदत संपली होती. मुदत संपली तरी कार्डाचा नंबर सांकेतिक रूपातच जातो, हे खरं. पण अशीच पाटी मध्ये कोणी तोतया बसला असेल तरीही येते. दोन्हींतला फरक घाईत कोण वाचतो? आणि आपल्याकडच्या आजी-आजोबांना एकदा ‘पुढे जा’ची सवय लावली, की उद्या बँकेच्या पानावरही ते तेच करणार.

यंदा आपण विकतचं सर्टिफिकेट सोडून लेट्स एनक्रिप्टचं फुकटचं घ्यायचं ठरवलं. ते ९० दिवस चालतं आणि सर्व्हरचं कंट्रोल पॅनेल ते आपोआप नवं करून घेतं. पण ते मिळेचना. आमचे उत्साही स्वयंसेवक पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. असं करू नये, कारण एका तासात पाच प्रयत्न फसले की लेट्स एनक्रिप्ट पुढचे थांबवतं. पॅनेलमधली लॉग मात्र कोणी उघडली नव्हती. त्यात उत्तर होतं: सीएए.

डीएनएसमध्ये सीएए नावाची एक नोंद करता येते. आपल्या नावाचं सर्टिफिकेट कोणी द्यावं, हे त्यात लिहायचं. सप्टेंबर २०१७पासून प्रत्येक सर्टिफिकेट देणाऱ्याला ती पाहावीच लागते. आपल्या नोंदीत फक्त जुन्या कंपनीचं नाव होतं. म्हणजे अमुक एकाशिवाय कोणाला आत सोडू नका असं दारावर आपणच लिहिलं होतं, आणि नवा माणूस येत का नाही म्हणून आपणच खोळंबलो होतो. लेट्स एनक्रिप्टचं नाव त्यात घातलं, जुनी नोंद सगळीकडून पुसली जाईपर्यंत थोडं थांबलो, आणि काम झालं.

दुरुस्ती पाच मिनिटांची. दोन दिवस गेले ते डीएनएसचा पासवर्ड शोधण्यात. तो गाव सोडून गेलेल्या एका माजी खजिनदारांकडे होता, आणि ते तेव्हा भारतात.

विकतच्या सर्टिफिकेटांचीही मुदत आता घटणार आहे: १५ मार्च २०२६पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७मध्ये १००, २०२९मध्ये ४७. पासवर्ड सध्या माझ्याकडे आणि चिटणिसांकडे आहे. मी पंचाहत्तरीचा आहे. तिसरं कोणी पुढे येतंय का?