नुसतं बसायला एक मैत्रीण
बॉब मॉर्टिमर आणि पॉल व्हाइटहाऊस हे ब्रिटनचे दोन विनोदी नट. दोघांनाही हृदयविकार. २०१५मध्ये बॉबची बायपास झाली, तो घराबाहेर पडेना. मग पॉलने त्याला गळ टाकायला नदीवर नेलं. त्यातूनच २०१८मध्ये बीबीसीवर मालिका आली. मासा धरायचा, परत पाण्यात सोडायचा. मधल्या वेळात आजारपणाच्या, वाढत्या वयाच्या गप्पा.

आपल्या रोह्यात कुंडलिकेवर, पेणला भोगावतीवर आपल्या आया-आज्या जायच्या, पण धुणं घेऊन. सुखदुःखाच्या गप्पाही तिथेच व्हायच्या. घरात नळ आला, कष्ट वाचले, पण ते बसणं गेलं. पन्नाशीनंतर गुडघे, बीपी कुणाला चुकलंय? मग एकटीनेच का कुढायचं? आज संध्याकाळी एखादीला फोन करा. म्हणावं, ये गं, काम काही नाही, नुसतं बसू.