एकटे राहण्याचा अभ्यास

ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकणारा ग्रेहाउंड घरात आला की दिवसाचा बराचसा वेळ सोफ्यावर झोपून काढतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आपल्याकडच्या मुधोळ किंवा कारवानी कुत्र्यांसारखीच ही शिडशिडीत, लांब पायांची, नजरेने शिकार हेरणारी जात. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड येथे ती शर्यतींसाठी पाळली जाते आणि निवृत्त झालेली तरुण कुत्री कुटुंबांकडे दत्तक जातात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ साली या शर्यतींविरुद्ध कौल दिला, न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये त्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या अजून चालतात. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या घरांतही आता हे लांबोडके पाहुणे दिसू लागले आहेत.

मी माणसांचा डॉक्टर. तरीही हा विषय या सदरात घेतो आहे, कारण कुत्र्याला एकटे राहता येत नसेल तर आजारी पडते ते सगळे घर. झोप उडते, घराबाहेर पडणे बंद होते, नवरा-बायकोत रोज धुसफूस होते.

ग्रेहाउंडच्या बाबतीत कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शर्यतीचा कुत्रा जन्मतो भावंडांच्या गोतावळ्यात आणि वाढतो केनेलमध्ये. शेजारच्या कप्प्यात दुसरा कुत्रा, पलीकडे तिसरा. खाणे, फिरणे, झोपणे सारे ठरल्या वेळी, इतर कुत्र्यांच्या वासात आणि आवाजात. जिना, आरसा, काचेचे दार, गुळगुळीत फरशी त्याने बहुधा पाहिलेलीच नसते. अशा प्राण्याला आपण शनिवारी घरी आणतो, दोन दिवस कुरवाळतो आणि सोमवारी सकाळी दार लावून कामावर निघून जातो. आयुष्यात पहिल्यांदा तो पूर्णपणे एकटा पडतो. आपल्या दृष्टीने ते नऊ तास असतात. त्याच्या दृष्टीने ती माणसे परत येणार आहेत, याला कसलाच पुरावा नसतो.

मग तो रडतो, विव्हळतो, दारापाशी आणि खिडकीपाशी ओरबाडतो, लाळ गाळतो, घरात लघवी करतो. बहुतेक वेळा हे मालक बाहेर पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच सुरू होते. कंटाळलेला कुत्रा दुपारी केव्हा तरी चप्पल चावतो, ते वेगळे. हा कंटाळा नव्हे आणि सूडही नव्हे, ही धास्ती आहे. परतल्यावर त्याचा ‘अपराधी’ चेहरा पाहून त्याला रागावणारे पुष्कळ असतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की तो चेहरा कुत्र्याने काही केले होते की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. तेव्हा रागावण्याने एवढेच साधते, की एकटेपणाच्या भीतीत मालकाच्या परतण्याची भीती मिसळते.

गेल्या वर्षी माझ्याकडे नेहमी येणारे एक दांपत्य मेलबर्नला मुलाकडे निघण्यापूर्वी तपासणीसाठी आले होते. मुलाने आणि सुनेने तीन वर्षांची ग्रेहाउंड कुत्री दत्तक घेतली होती. तिच्या रडण्याबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. सून सहा आठवडे एकदाही निर्धास्तपणे घराबाहेर पडली नव्हती आणि कुत्री परत करावी, असे मुलाच्या मनात येऊ लागले होते. काकू म्हणाल्या, “डॉक्टर, आता आम्ही दोघे तीन महिने तिथेच आहोत. तिला सोबत झाली, की प्रश्न मिटलाच ना?”

मिटत नाही, हेच सांगायचे होते. तीन महिने आजी-आजोबा अहोरात्र घरी असले, तर कुत्री एकदाही एकटी राहणार नाही आणि सगळ्यांना वाटेल की ती बरी झाली. मग एके दिवशी दोन बॅगा दारात येतील, घरातली दोन माणसे कमी होतील आणि पुन्हा सोमवार उजाडेल. परंतु हेच तीन महिने नीट वापरले तर त्यासारखी संधी नाही. कारण या उपचाराची पहिली अट हीच, की शिकवणी चालू असताना कुत्र्याला त्याच्या सहनशक्तीपलीकडे एकटे ठेवायचे नाही. बाकीच्यांना त्यासाठी पाळीपाळीने घरून काम, शेजाऱ्यांची मदत, नाहीतर पैसे मोजून पाळणाघर शोधावे लागते. काकूंचा मुलगा त्याबाबत भाग्यवान होता.

शिकवणी अशी. आधी मोबाइल घरात चित्रीकरणाला लावून बाहेर पडावे आणि कुत्रा कितव्या मिनिटाला अस्वस्थ होतो ते पाहावे. येरझाऱ्या, धापा, दाराकडे लागलेली नजर ही पहिली चिन्हे, रडणे नंतरचे. दोन मिनिटांनी अस्वस्थ होत असेल, तर सराव अर्ध्या मिनिटाचा. त्याहून आधी निघण्याच्या खुणांची धार बोथट करावी. किल्ल्या उचलाव्यात आणि वर्तमानपत्र वाचत बसावे. बूट घालावेत आणि भाजी चिरायला घ्यावी. दाराला हात लावून परत यावे. या सगळ्याकडे कुत्रा दुर्लक्ष करू लागला, की दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग पुन्हा पाच, मग वीस. वेळ सतत वाढवत नेऊ नये. अधूनमधून सोपा धडा द्यावा, नाहीतर प्रत्येक वेळ आधीपेक्षा अवघड असते हेच तो शिकतो. जाताना निरोपाचा सोहळा नको आणि परतल्यावर भरतभेट नको. घरातले सगळे, म्हणजे आजी-आजोबासुद्धा, बाहेर पडल्याशिवाय तो सराव एकटेपणाचा होत नाही. काकूंना मी म्हटले, रोज चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन यायचे, तुमच्या गुडघ्यांनाही बरे. आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्यावी. पहिला अर्धा तास गाठायला कित्येक आठवडे लागू शकतात. पुढची मजल बहुधा वेगाने होते.

“रडू द्या, रडून रडून गप्प होईल,” हा सल्ला सगळीकडे मिळतो. बालवाडीत रडणाऱ्या मुलाला निदान सांगता येते, की काटा बारावर आला की आई येईल. कुत्र्याला ते सांगता येत नाही. तो गप्प होतो तो थकून, आणि दुसऱ्या दिवशी भीती तेवढीच असते. पिंजऱ्यात कोंडण्याने काही कुत्री दात आणि नखे मोडून घेतात. खाऊ भरलेले खेळणे ठेवण्यात गैर नाही, पण घाबरलेला कुत्रा ते हुंगतही नाही.

दुसरा कुत्रा आणावा का? ग्रेहाउंडच्या बाबतीत कधीकधी त्याचा खरोखर उपयोग होतो, कारण काहींना माणसांइतकीच आपल्या जातभाईंची उणीव भासते. मात्र आधी ओळखीच्या कुणाचा कुत्रा दोन-चार दिवस आणून पाहावे. नाहीतर घाबरणारे दोन होतात.

औषधांविषयी माझ्या अधिकारात थोडे. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही औषधे आम्ही माणसांना देतो, आणि कुत्र्यांच्या या विकारासाठीही अमेरिकेच्या औषध नियामकांनी ती मान्य केली आहेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सरावाची जागा ती घेत नाहीत. सराव शक्य व्हावा एवढी भीती कमी करतात. गंभीर स्थितीत ती टाळण्यात मला काहीच शौर्य दिसत नाही. पण घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देणे सक्त वर्ज्य. ग्रेहाउंडच्या शरीरात चरबी फार थोडी असते आणि भुलीची काही औषधे त्याच्या यकृतातून सावकाश निघतात. त्याच्या रक्तातील लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच जास्त आणि थायरॉइडचे आकडे मुळातच कमी असतात, म्हणून निरोगी कुत्राही अहवालात आजारी दिसू शकतो. पशुवैद्य या जातीशी परिचित असलेला बरा. घरात लघवी होत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग नाही ना, हेही आधी पाहून घ्यावे.

लहान मुले असतील तर आणखी एक. झोपलेल्या ग्रेहाउंडला हात लावून उठवू नये. काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात आणि अचानक स्पर्श झाला तर दचकून गुरगुरतात, क्वचित चावतात. लांबून नावाने हाक मारावी.

आणि कुत्रा परत करण्याविषयी. काही महिने त्याला एकटे न ठेवण्याची सोय कोणत्याही मार्गाने होत नसेल, घरातल्या माणसाची झोप आणि प्रकृती ढासळत असेल, तर दत्तक देणाऱ्या संस्थेशी वेळेवर बोलावे. त्यात लाज बाळगू नये, आणि काही लपवूही नये. एकटे पडल्यावर कोसळणारा तोच कुत्रा दुसरा ग्रेहाउंड असलेल्या किंवा निवृत्त माणसाच्या घरी कित्येकदा शांत राहतो. मोबाइलवरचे ते चित्रीकरण संस्थेच्या हाती द्यावे, म्हणजे पुढचे घर त्यानुसार निवडता येईल.