१८०० फुकट, १८६० ला खिसा आपला
बियाणं उगवलं नाही किंवा कर्जाचा हप्ता दोनदा कापला गेला, की आपण पावतीवरचा नंबर फिरवतो. तो १८०० ने सुरू होत असेल तर निवांत बोला, कॉलचे पैसे समोरचा भरतो. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ त्यातलाच. १८६० चं तसं नाही.

हा नंबर एसटीडी महाग होती तेव्हाचा. फोन करणाऱ्याने लोकल कॉलचे पैसे द्यायचे, लांबचा वरचा खर्च कंपनीने सोसायचा, अशी वाटणी होती. तेव्हा त्यात गिऱ्हाइकाचा फायदाच होता. आता देशभर एकाच दरात बोलता येतं. फायदा गेला, आपला वाटा तेवढा राहिला.

दर किती, हे ट्राय ठरवत नाही. ते सिमवाल्या कंपनीवर सोडलंय. म्हणून अनलिमिटेड पॅकमध्ये १८६० धरलाय का, हे पॅकच्या बारीक अक्षरात बघावं लागतं. धरला नसेल तर ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकत काढलेली मिनिटंही बॅलन्समधून जातात. चूक ज्याची, त्यानेच तक्रारीचा नंबर कोणता छापायचा ते ठरवायचं, हा कुठला न्याय? पावतीवर दोन्ही नंबर असतील तर आधी १८०० लावा.