नदीचा ताळा कोण जुळवणार?

भिगवणच्या मासळीबाजारात उजनीची मासळी येते, त्यात चिलापीच जास्त. घेणारा कल्ला उचलून पाहतो. लाल असला की माल ताजा. मीही तसाच पाहून घेत आलो. परंतु काही विषे आधी त्या कल्ल्यावरच घाव घालतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

नॅनो-कणांचे असेच आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. धातू इतका बारीक झाला की निराळाच वागू लागतो. चांदीच्या कणांतून सुटणारे आयन माशाच्या कल्ल्यातून होणारे क्षारांचे शोषण रोखतात. गोड्या पाण्यातला मासा त्या क्षारांवाचून जगत नाही.

हे संशोधन आपल्या दारातही झाले आहे. बारामतीजवळ माळेगावात राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2018 साली पंगस माशावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. 96 तासांत निम्मे मासे मरायला साधे सेलेनियम लिटरमागे 5.29 मिलिग्रॅम लागले. नॅनो सेलेनियम 3.97 मिलिग्रॅमच पुरले. गंमत अशी, की हेच नॅनो सेलेनियम खाद्यातून अगदी थोडे दिले तेव्हा मासे शिसे आणि उष्णता जास्त सोसू लागले. तारक काय आणि मारक काय, हे मात्रेवर ठरते.

टाकीत मात्रा मोजता येते. नदीत कोण मोजणार? 2021 साली नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली, पाठोपाठ डीएपी, जस्त, तांबे. युरियाचे विघटन होते. त्याला धातूंच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे ठरेल. जस्त-तांबे मात्र नाहीसे होत नाहीत. बारामतीची कऱ्हा नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत येते. चांदीचे कण लावलेले कपडे धुतले, की त्यांतले काही कणही त्याच वाटेला लागतात.

केंद्र सरकारने 2020 साली शेतीतल्या नॅनो-उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे चांगलेच झाले. पण ती तपासणी एकेका उत्पादनाची. मी बँकेत होतो तेव्हा एकेक खाते बरोबर असून भागत नसे. साऱ्या शाखेचा ताळा जुळल्यावरच घरी जाता येई. नदीत सगळ्या बाटल्यांची बेरीज होते, आणि ती मांडणारी वही कुठेच नाही. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत धातू किती हे कळते, कणाचा आकार कळत नाही.

माळेगावची प्रयोगशाळा आणि उजनीचा जलाशय एकमेकांपासून फार दूर नाहीत. उजनीचे पाणी, गाळ आणि मासे दरवर्षी तिथे तपासून आकडे गावोगाव लावावेत. इंदापूर ते सोलापूर हेच पाणी पिते. एवढा हिशेब मागण्याचा हक्क त्यांना आहेच.