वाचून पाहणें आणि चालवून पाहणें

आमच्या उल्हासनगरांत, कॅम्प नं. ३ मध्यें राहणाऱ्यास शिवणाच्या यंत्राचा आवाज नवा नाहीं. जाणता शिंपी दुरुस्त होऊन आलेल्या यंत्रावर गिऱ्हाइकाचें कापड एकदम घालीत नाहीं. आधीं चिंधीवर चार टांके मारून दोरा कोठें अडतो, टांका कोठें सुटतो, हें तो पाहतो. यंत्र नुसतें न्याहाळून जें कळत नाहीं, तें चालवितांच कळतें. हाच न्याय संगणकाच्या प्रोग्रामास लावावा, असें आमचें मत आहे.

आपल्या राज्यांतील बारावीच्या माहिती तंत्रज्ञान या विषयांत जावास्क्रिप्ट व पीएचपी या भाषा आहेत. पुष्कळ मुलें पायथनही शिकतात. या भाषांत एखाद्या नांवाखालीं संख्या आहे कीं अक्षरें, हें आधीं सांगण्याची सक्ती नाहीं. तें प्रोग्राम चालतेवेळीं ठरतें. लिहिणें त्यामुळें सोपें होतें, पण चूकही दडून बसते. समजा, गुणांच्या रकान्यांत कोणीं ३५ भरले व त्यांत ५ मिळवावयाचे आहेत. रकान्यांतून आलेले ३५ हे संख्या नसून अक्षरें असतात. मग पीएचपी ४० हें उत्तर देते. पायथन चूक दाखवून थांबते. आणि जावास्क्रिप्ट कांहीं तक्रार न करतां ३५५ करून मोकळी होते! बेरीज एक, निकाल तीन.

अशा चुका पकडण्यासाठीं प्रोग्राम चालत असतां त्यावर पहारा ठेवण्याचें एक शास्त्रच झालें आहे. त्यास डायनॅमिक विश्लेषण म्हणतात. अमेरिकेंतील बर्कले विद्यापीठाचे कौशिक सेन व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं जावास्क्रिप्टसाठीं ‘जलंगी’ नांवाचें साधन मांडलें. जलंगी ही बंगालमधील एक नदी. उल्हास नदीच्या शेजारीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें नांव सहज ध्यानांत राहील. हें साधन मूळ प्रोग्रामांत जागोजागीं जणूं पहारेकरी बसवितें. कोणती किंमत कोठून आली, कोणती बेरीज कशाकशाची झाली, हें ते टिपतात. घडलेला प्रसंग पुन्हा चालवून तपासतांही येतो.

तथापि या पहाऱ्यास मर्यादा आहे. ज्या वाटेनें प्रोग्राम गेलाच नाहीं, त्या वाटेवरील खड्डा त्यास दिसत नाहीं. चाचणीनें चूक आहे हें दाखवितां येतें, चूक नाहीं हें सिद्ध करतां येत नाहीं, असें डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनीं बजावून ठेविलें आहे. म्हणून वाचन सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं; वाचनावरच थांबूं नये, एवढेंच म्हणतों.

आज पुष्कळ मुलें प्रोग्राम वहींत उतरवितात, पाठ करितात व उत्तरपत्रिकेंत ओततात. त्यानें गुण मिळतील. पण उद्यां दुकानाचा हिशेब किंवा औषधाचें प्रमाण ज्या प्रोग्रामावर अवलंबून राहील, तो लिहिण्याची जबाबदारी अशा पाठांतरानें पेलणार नाहीं.

विद्यार्थ्यांनीं आपल्या प्रोग्रामास शून्य द्यावें, ऋण संख्या द्यावी, रकाना रिकामा सोडावा, अंकाच्या जागीं अक्षर द्यावें, आणि काय होतें तें टिपून ठेवावें. पालकांसही एक विनंती: मूल चुकलेल्या उत्तरापुढें तासभर बसलेलें दिसलें, तर वेळ फुकट गेला असें समजूं नये. तें चिंधीवर टांके मारीत आहे.