उघड्या पोथीचें कार्ड

गेल्या नवरात्रांत टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनास रीघ लागली होती. त्याच नाक्यावर आमच्या पुतण्याची रक्त तपासण्याची प्रयोगशाळा आहे. एके सकाळीं तेथील यंत्रांचे आकडे संगणकांत येईनात. दिवसभर ते हातानें उतरावे लागले, आणि एका वृद्ध बाईंच्या अहवालांत पोटॅशियम ३.५ च्या ऐवजीं ५.३ पडलें. डॉक्टरांनीं शंका घेऊन पुन्हां तपासविलें म्हणून निभावलें.

रात्रीं पुतण्या आमच्यापाशीं येऊन बसला. “काका, कार्ड स्वस्तांत मिळालें असें वाटलें होतें,” एवढेंच तो बोलला.

अशीं कित्येक यंत्रें आपले आकडे सीरियल तारेनें, एकामागून एक अक्षर, असे पाठवितात. ही आर-एस २३२ पद्धति १९६० सालची. हल्लींच्या संगणकास असें तोंड बहुधा नसतेंच. म्हणून चार किंवा आठ तोंडांचें कार्ड आंत बसवितात. कार्ड आणि संगणक यांमधील दुभाषा तो ड्रायव्हर. पुतण्याचा संगणक लिनक्सवर चालतो; परंतु कार्डाचा ड्रायव्हर विक्रेत्यानें बंद स्वरूपांत दिला होता. आदल्या रात्रीं लिनक्सचा गाभा नवा झाला आणि जुना दुभाषा मुका झाला. विक्रेता म्हणाला, “तो माल आतां आमच्याकडे नाहीं.”

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. यंत्रविद्या आमची नव्हे. तरी हा प्रकार आम्हांस ओळखीचा वाटला. जी विद्या एकाच गुरूच्या कंठांत राहिली ती त्याच्याबरोबर गेली. जिची पोथी चार घरीं उतरली ती टिकली.

पुतण्यानें शोधून ठेविलेले नियम वाचकांच्या उपयोगीं पडतील. खोक्यावरचें नांव पाहूं नये; आंतील चिपचें नांव विचारावें. चिप १६५५०ए च्या वळणाची असेल तर लिनक्सचा ८२५० हा सामान्य ड्रायव्हर तिला बहुधा चालवितो. एक्झारच्या बहुतोंडी चिपांसाठीं गाभ्यांतच स्वतंत्र ड्रायव्हर आहे. १६५५०ए मध्यें १६ अक्षरांची सांठवण असते, १६सी९५० मध्यें १२८. सांठवण मोठी असली म्हणजे संगणक अन्य कामांत गुंतला तरी अक्षरें सहसा सांडत नाहींत. कित्येक ठिकाणीं लिनक्स प्रारंभीं चारच तोंडें धरून चालतो. तेव्हां आठांपैकीं कांहीं दिसलीं नाहींत तर कार्डास दोष देण्यापूर्वीं ती संख्या वाढवून पाहावी.

गाभ्यांतील ड्रायव्हर अमर असतो असेंहि नाहीं. सायक्लेड्स कार्डांचा ड्रायव्हर २०२१ सालीं काढून टाकण्यांत आला. परंतु त्याचा मजकूर जुन्या आवृत्त्यांत आजहि कोणासहि वाचतां येतो, आणि जाणता मनुष्य तो पुन्हां उभा करूं शकतो. बंद ड्रायव्हराच्या धन्यानें पाठ फिरविली कीं सारें संपलें.

घरांत नव्या खर्चाची गोष्ट निघाली तेव्हां आमचे थोरले बंधु रागावले. “दोनदां पैसे कशासाठीं?” वहिनींनीं विचारलें, “त्या बाईंच्या जागीं मी असतें तर?” बंधु गप्प झाले. दुसऱ्या दिवशीं त्यांनींच पैसे काढून दिले.

नवें कार्ड आठ दिवस आठहि तोंडांनीं चालवून पाहिलें, आणि मगच जुनें काढलें. तें जुनें कार्ड पुतण्यानें टाकून दिलें नाहीं. आपल्या मेजावर, डोळ्यांसमोर ठेविलें आहे.