आधी मोजा, मग बदला!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास माझ्या रूम-पार्टनरच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. रेक्टर सरांनी लगेच हॉस्टेलची व्हॅन काढायला लावली. हायवेवर चढ लागला आणि गाडी एकदम ठप्प! इंजिन, हेडलाइट, डॅशबोर्ड, हॉर्न... सगळं एका क्षणात गेलं. आत पेशंट कण्हतोय, एक जण मागे उभा राहून मोबाईलचा टॉर्च हलवतोय, आणि आम्ही तिघे भावी इंजिनिअर रस्त्याच्या कडेला ग्रुप डिस्कशन करतोय! एक म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला अल्टरनेटर. मी तर छातीठोकपणे सांगितलं, "पेट्रोल पंप गेला."

ड्रायव्हरकाका काहीच बोलले नाहीत. त्यांनी मेन फ्यूजचा डबा उघडला आणि जाड वायर हाताने हलवली. डॅशबोर्ड उजळला! नट सैल होता, त्यावर हिरवट थर चढला होता. पान्याने नट आवळला आणि आम्ही निघालो. अपेंडिक्स होतं. ऑपरेशन वेळेत झालं.

येताना काका म्हणाले, "पोरांनो, अख्ख्या घरात अंधार झाला तर आधी एकेक बल्ब बदलता, की मीटरपाशी जाता?"

या एका वाक्यात अख्खं डायग्नोसिस आहे. लाइट चालू आणि फक्त इंजिन बंद, तर पंप, इग्निशन, सेन्सर बघा. लाइट हळूहळू मंद होत जाऊन मग इंजिन बंद पडलं, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नसावा. पण सगळं एकदम गेलं तर? बॅटरी आणि अल्टरनेटर दोघं एकाच सेकंदाला कसे मरतील? म्हणजे दोष दोघांच्या समाईक वाटेवर: टर्मिनल, मेन फ्यूज, अर्थची वायर.

खरी गंमत पुढे आहे. ही व्हॅन आधीही दोनदा अशीच बंद पडली होती. गॅरेजवाल्याने एकदा बॅटरी बदलली, एकदा अल्टरनेटर. पैसे अर्थातच तुमच्या-आमच्या फीमधून! त्याने मीटर लावला नव्हता असं नाही. पण गाडी बंद असताना लावला आणि 12.6 व्होल्ट दिसले. दिसणारच! मीटर करंट जवळपास घेतच नाही, मग सैल जोडावर व्होल्टेज पडणार कुठून? लोड चालू करून त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावायला हवा होता. हिशोब करा: लाइट, पंखा, पंप मिळून 20 अँपिअर, जोडाचा रेझिस्टन्स फक्त 0.3 ओहम. गुणाकार 6 व्होल्ट! अर्धी बॅटरी त्या नटातच संपली. उरलेल्या 6 व्होल्टवर इंजिनचा कंट्रोलर काय चालणार, कप्पाळ?

ओहमचा नियम, बस्स! फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी त्याचं प्रॅक्टिकल "केलं". खरं सांगू? मी रीडिंग सीनियरच्या जर्नलवरून उतरवली होती. ग्राफ एकदम सरळ आला, दहापैकी नऊ मिळाले. त्या रात्री हायवेवर त्या नऊ मार्कांचा काडीचा उपयोग झाला नाही.

गॅरेजवाल्याला "बदलून बघू" म्हणून हसणं सोपं आहे. पण न मोजता पार्ट बदलणं आणि न मोजता रीडिंग लिहिणं ही सख्खी भावंडं आहेत. एकात पैसे जातात, दुसऱ्यात अक्कल!

म्हणून स्टाफला एक नम्र विनंती. वर्कशॉपमागे एक जुनी गाडी धूळ खात पडली आहे. ती चालू करून घेऊ, मेहनत आमची. मग दर आठवड्याला तुम्ही तिच्यात एक दोष लपवा, आम्ही शोधतो. व्हायवा तिथेच घ्या, आणि परीक्षक म्हणून ड्रायव्हरकाकांना बोलवा. निम्मे तरी नापास होऊ, मीही असेन त्यात. पण सर, वर्कशॉपमध्ये नापास झालेलं परवडेल. हायवेवर, रात्री दीड वाजता, मागच्या सीटवर मित्र कण्हत असताना नापास झालेलं परवडत नाही.